एदोआर्दो वेबर

सोलापूर रस्त्यानें मांजरीवरून एखादी जुनी, कुर्ल्यास बनलेली फियाट मोटार जातांना दिसली, कीं आम्हांस एका इटालियन यंत्रज्ञाचें स्मरण होतें. एंजिनास पेट्रोल व हवा यांचें प्रमाणशीर मिश्रण पुरविणारें यंत्र म्हणजे कार्ब्युरेटर. त्यास नवें रूप देणारे एदोआर्दो वेबर १८८९ सालीं ट्यूरिन येथें जन्मले.

फियाट कंपनींत काम केल्यावर १९२३ सालीं त्यांनीं बोलोन्या शहरीं स्वतःचा कारखाना काढला. पेट्रोल वांचावें म्हणून त्यांनीं एकाच कार्ब्युरेटरांत दोन नळ्या बसविल्या. मंद चालीस लहान नळी पुरे. वेग हवा असेल तेव्हां मोठीही उघडावी, अशी ती योजना. पुढें सारख्या मापाच्या जोडनळ्यांचे त्यांचे कार्ब्युरेटर अल्फा रोमिओ व मासेराती यांच्या शर्यतीच्या मोटारींवर गाजले.

मे १९४५ मध्यें, युरोपांतील महायुद्ध संपतांच, ते एकाएकीं बेपत्ता झाले. १९५२ सालीं कारखाना फियाटच्या ताब्यांत गेला. नांव मात्र धातूवर राहिलें. जुन्या कार्ब्युरेटरवर वेबर हें नांव व ‘४० डीसीओई’ अशी खूण आढळल्यास ४० हा नळीचा मिलिमीटरांतील व्यास समजावा. कित्येक हौशी लोक मोठ्यांत मोठें माप निवडतात. परंतु लहान एंजिनावर तें लावल्यास हवेचा ओघ मंदावतो, पेट्रोलचे तुषार नीट होत नाहींत व गाडी अडखळते.

एरव्हीं थोडक्यांत भागवावें, प्रसंगीं सर्व बळ लावावें, हा धडा वेबर यांच्या यंत्रापासून आम्हीं विद्यार्थ्यांनींही घ्यावा.