कुऱ्हाड, ढाल आणि हॅराल्ड हार्डराडा

इतिहासाच्या तासाला १०६६ हे साल आले की हेस्टिंग्जची लढाई येते, नॉर्मंडीचा विल्यम येतो आणि घंटा होते. पण हेस्टिंग्जच्या अवघे १९ दिवस आधी इंग्लंडच्या उत्तर भागात आणखी एक राजा रणात पडला होता. पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. नॉर्वेचा राजा हॅराल्ड सिगुर्डसन तो हाच. पुढच्या पिढ्यांनी त्याला हार्डराडा, म्हणजे कठोर शासक, असे नाव दिले. व्हायकिंग युग त्याच्या मृत्यूबरोबर संपले असे पुष्कळ इतिहासकार मानतात. मी त्याच्या चरित्राकडे वळलो तो मात्र कुऱ्हाडीमुळे.

व्हायकिंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिंगांचे शिरस्त्राण घातलेला राक्षसी पुरुष उभा राहतो. ती शिंगे १८७६ साली जर्मनीत वाग्नरच्या संगीत नाटकासाठी वेषभूषाकाराने चढविली. १९४३ साली नॉर्वेतील रिंगेरिक प्रांतात येर्मुंडबू येथे त्या युगाचे खरे शिरस्त्राण सापडले. साधी लोखंडी टोपी आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी, एवढेच. शिंगे नाहीत. हे रिंगेरिक म्हणजेच हॅराल्डची जन्मभूमी.

तलवार ही तेव्हा श्रीमंताची चीज होती. कुऱ्हाड घरोघर असे. जंगल तोडायला, तुळया तासायला, जहाजाच्या फळ्या काढायला तिच्याशिवाय चालत नसे. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गुलाटिंगच्या कायद्याने प्रत्येक स्वतंत्र पुरुषाजवळ ढाल, भाला आणि कुऱ्हाड किंवा तलवार असलीच पाहिजे असे ठरवून दिले होते. आमच्याही घरी दाराआड कुऱ्हाड असते. वडील तिने बाभळीचे सरपण फोडतात. त्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे राजेरजवाड्यांच्या इतिहासात अशी ओळखीची वस्तू दिसली की मन तिथे अडकते.

लढाईची कुऱ्हाड मात्र सरपणाच्या कुऱ्हाडीसारखी जाडजूड नव्हती. तिचे पाते पातळ आणि हलके असे, धार वीतभर किंवा त्याहून लांब. काही पात्यांचा खालचा कोपरा दाढीसारखा लोंबत असे. त्याने शत्रूच्या ढालीची कड अडकवून खेचली की त्याची छाती उघडी पडे. ढाल गोल, लाकडी, ८० ते ९० सेंटिमीटर व्यासाची. १८८० साली गोकस्टाड येथे उकरून काढलेल्या जहाजावर अशा ६४ ढाली होत्या, काळ्या आणि पिवळ्या रंगविलेल्या. ढाल दंडाला बांधलेली नसे. मधोमध भोक, मागे आडवी पट्टी मुठीत धरायची आणि मुठीच्या रक्षणाला पुढून लोखंडी वाटी. म्हणजे ढाल नुसती आड धरायची नाही. ती पुढे रेटायची, तिरपी करून घाव घसरवायचा. तिची कड इतकी पातळ असे की एका झुंजीत तिचे तुकडे होत. द्वंद्वयुद्धात प्रत्येकाला तीन ढाली देण्याची रीत सागांत, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्य वीरकथांत, सांगितली आहे.

पुढे छातीइतक्या उंच दांड्याची मोठी कुऱ्हाड आली. बायो येथील प्रसिद्ध भरतकामात ती दिसते. तिचा एक घाव पुरे होई, पण ती पेलायला दोन्ही हात लागत. मग ढाल पाठीवर टाकणे आले. एका हातात ढाल ठेवून जपून लढायचे, की दोन्ही हातांनी घाव घालून उघडे पडायचे, हा सौदा प्रत्येकाला करावा लागे. हॅराल्डचे चरित्र वाचताना हा सौदा माझ्या मनातून जात नव्हता.

हॅराल्डचा जन्म १०१५ च्या सुमाराचा. बाप सिगुर्ड सिर हा रिंगेरिकचा छोटा राजा. खरे म्हणजे मोठा शेतकरीच. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १२३० च्या सुमारास नॉर्वेच्या राजांचा इतिहास लिहिला. त्यात हा सिगुर्ड साध्या कपड्यांत, डोक्यावर रुंद टोपी घालून शेतात कापणीवर देखरेख करताना भेटतो. मला या सगळ्या कथेत तोच फार आवडला. आई ओस्टा मात्र महत्त्वाकांक्षी होती. तिचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा ओलाफ नॉर्वेचा राजा झाला होता. एकदा त्याने आपल्या तीन लहान सावत्र भावांना काय हवे ते विचारले. थोरल्याने शेते मागितली, मधल्याने गाई. धाकट्या हॅराल्डने लढवय्ये मागितले, आणि तेही मधल्याच्या सगळ्या गाई एका जेवणात फस्त करतील इतके! ओलाफ हसला आणि आईला म्हणाला की, तू इथे एक राजा वाढवते आहेस. कथा म्हणून ही गोड आहे. पण ज्यांच्या गाई खाल्ल्या जाणार होत्या त्यांना कोणी विचारले नाही.

२९ जुलै १०३० रोजी स्टिकलस्टाड येथे ओलाफ मारला गेला. त्याच्याविरुद्ध सरदारांबरोबर शेतकऱ्यांची फौज उभी होती, आणि सागेप्रमाणे त्याच्यावर पडलेला पहिला घाव कुऱ्हाडीचाच होता, डाव्या गुडघ्यावर. पुढे चर्चने ओलाफला संत ठरविले आणि तीच कुऱ्हाड त्याचे चिन्ह झाली. नॉर्वेच्या राजचिन्हातील सिंहाच्या पंजात ती आजही आहे. पंधरा वर्षांचा हॅराल्ड त्या लढाईत जखमी झाला. रानातल्या एका शेतकऱ्याने त्याला घरी लपविले आणि जखमा भरेपर्यंत सांभाळले. या उपकारकर्त्याचे नाव स्नोरी देत नाही.

तिथून तो स्वीडनमार्गे कीव्हला, यारोस्लाव राजाच्या पदरी गेला, आणि १०३४ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलला पोचला. बायझंटाइन सम्राटांचे वरांगियन नावाचे परदेशी रक्षकदल होते. खांद्यावर मोठी कुऱ्हाड ही त्यांची खूण. ग्रीक लोक त्यांना कुऱ्हाडधारीच म्हणत. या नोकरीत हॅराल्ड सिसिलीत लढला, १०४१ मध्ये बल्गेरियाचे बंड मोडायला गेला. सागा त्याच्या अशा काही युक्त्या सांगतात की त्या दुसऱ्या वीरांच्या नावावरही खपलेल्या आहेत. त्यापेक्षा एका ग्रीक लेखकाची त्रोटक नोंद मला अधिक भरवशाची वाटते. तो म्हणतो की, अराल्टेस हा ५०० माणसे घेऊन आला, शौर्याने लढला आणि त्याला दरबारी पदव्या मिळाल्या. पदव्या मोठ्या नव्हत्या. पैसा मात्र भरपूर मिळाला.

परतीला परवानगी मिळेना तेव्हा तो रातोरात निसटला. बंदराच्या तोंडाशी लोखंडी साखळी होती. सागेप्रमाणे त्याने माणसांना सामानासकट जहाजाच्या मागच्या टोकाला धावविले. पुढचे टोक उचलले जाऊन साखळीवर चढले. मग सगळ्यांना पुढे धावविले आणि जहाज पलीकडे घसरले. दुसरे जहाज मधोमध मोडले. कीव्हला त्याने यारोस्लावची मुलगी एलिसिफ हिच्याशी लग्न केले. १०४६ साली पुतण्या मॅग्नस याच्याकडून त्याने निम्मे राज्य मिळविले, आणि पुढच्या वर्षी मॅग्नस वारल्यावर तो एकटा राजा झाला.

यानंतरची वीस वर्षे वाचताना माझा त्याच्याविषयीचा आदर कमी होत गेला. डेन्मार्कशी त्याचे युद्ध १०६४ पर्यंत चालले, आणि शेवटी मिळाले काय, तर तह. तो कवी होता, त्याने नाणी पाडली, चर्चे बांधली, आइसलँडच्या दुष्काळात धान्य पाठविले. हे सर्व खरे. पण पूर्वेकडील प्रांतांतील शेतकऱ्यांनी कर देण्यास नकार दिला, तेव्हा त्याने त्यांची घरे जाळली. स्नोरी त्या प्रांतांची नावे एकामागून एक देतो आणि त्यांत रिंगेरिक आहे. ज्या शिवारात बाप कापणीवर उभा राहत असे तेच शिवार! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही आपली म्हण इतकी तंतोतंत कुठे लागू पडली असेल असे मला वाटत नाही.

१०६६ साली तो सुमारे ३०० जहाजे घेऊन इंग्लंडचे राज्य जिंकायला निघाला. २० सप्टेंबरला फुलफर्ड येथे त्याने विजय मिळविला. २५ सप्टेंबरला ओलीस ताब्यात घेण्यासाठी तो स्टॅमफर्ड ब्रिजला आला. दिवस उकाड्याचा होता. लढाई होणार नाही या समजुतीने लोकांनी ढाली, शिरस्त्राणे, शस्त्रे घेतली. जड चिलखते जहाजांवरच ठेवली. इतक्यात इंग्लंडचा राजा हॅरल्ड गॉडविन्सन लंडनहून जवळजवळ ३०० किलोमीटरची दौड मारून पुढ्यात उभा ठाकला.

इंग्रजी बखरीतील एका पुरवणीत सांगितले आहे की, नदीवरचा पूल एकट्या नॉर्वेजियनाने अडवून धरला. पुढे कथेकऱ्यांनी त्याच्या हातात मोठी कुऱ्हाड दिली. अखेर कोणीतरी पुलाखालून भाला खुपसून त्याला मारले. या माणसाचेही नाव नाही. त्याच्या रानातल्या शेतकऱ्यासारखाच हाही राजाच्या उपयोगी पडून गेला.

पलीकडे नॉर्वेजियनांनी ढालींची भिंत रचली होती. ती टिकली असती तर जहाजांवरून कुमक येईपर्यंत निभावले असते. पण हॅराल्डला आवेश चढला. रांग सोडून तो पुढे घुसला आणि शस्त्र दोन्ही हातांत धरून घाव घालू लागला, असे सागा सांगते. दोन्ही हात शस्त्राला, म्हणजे ढाल नाही. चिलखत तर जहाजावरच. बाण त्याच्या कंठात शिरला. वय पन्नाशीच्या आसपास होते.

परत जायला २४ जहाजे पुरली. हॅराल्डचा मुलगा ओलाफ जहाजांवर होता. त्याला गॉडविन्सनने सोडून दिले. बापाचा देह पुढच्या वर्षी नॉर्वेला नेऊन त्याने स्वतः बांधलेल्या चर्चमध्ये पुरण्यात आला. ओलाफने १०९३ पर्यंत राज्य केले आणि शेजाऱ्यांशी शांतता राखली. लोक त्याला ओलाफ शेतकरी असेही म्हणत.