हाफकिन, उष्णता आणि उघडलेली बाटली

परळ-भोईवाडा परिसरातील हाफकिन संस्था ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते वाल्डेमार हाफकिन 1860 मध्ये ओडेसा येथे जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा सरकारने त्यांना येथे बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगचे जंतू वाढवून उष्णतेने मारले आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती लस स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळला आली.

खरी कसोटी उष्णतेची होती. ती कमी पडली तर जंतू जगतात, जास्त झाली तर लसीचा गुण जातो. उष्णतेवर भरवसा ठेवून हाफकिन यांनी पुढे लसीत कार्बोलिक आम्ल घालणे थांबवले. 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतील लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका या बदलावर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. प्रत्यक्षात बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. 1907 मध्ये ते दोषमुक्त झाले. 1925 मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. 1930 मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

डबाबंद आंब्याच्या गरालाही हीच कसोटी लागते. गरातूनच वीज सोडून तो तापवला, तर सगळीकडे लवकर आणि सारखा तापतो. रंग, चव आणि ‘क’ जीवनसत्त्व अधिक टिकते. मात्र उघडलेल्या डब्यात खरकटा चमचा गेला, की ही सारी मेहनत वाया जाते.