लाला करमचंद थापर

बल्लारपूरची कागद गिरणी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे संस्थापक मात्र दूर पंजाबचे.

करमचंद थापर यांचा जन्म १९०० साली लुधियान्यास झाला. तरुणपणीच ते कलकत्त्यास जाऊन कोळशाच्या धंद्यात पडले. १९२९ मध्ये त्यांनी आपली पेढी काढली व तिचा व्याप वाढविला. १९४५ साली बल्लारपूरची कंपनी स्थापन झाली. वर्धा नदीचे पाणी, जवळच कोळसा आणि रानात अमाप वेळू. गिरणीस आणखी काय हवे? गडचिरोली तेव्हा आपल्याच चांदा जिल्ह्यात होती. ज्या वेळूची सुपे-टोपल्या आपल्या बुरडणी विणीत, त्याचाच लगदा होऊन वह्यांचे कागद निघू लागले. गावाला रोजगार मिळाला, हे खरे. रानातल्या माणसाच्या हाती मात्र बांबूतोडीची मजुरीच आली. आपला बांबू आपण विकण्याचा हक्क मेंढा (लेखा) गावास २०११ साली मिळाला, तोही झगडून.

लालाजींची माती मात्र सुटली नाही. कलकत्त्यात पैसा मिळविला, गिरणी आपल्याकडे काढली. पण अभियांत्रिकी महाविद्यालय उभारले ते पंजाबात, पतियाळा येथे, १९५६ साली. आपल्या मुलांकरिता तसे एखादे इकडेही निघते तर, असे मनात येतेच. १९६३ साली ते निवर्तले.