१४९ कवट्या मोजून इरावती कर्वेंनी गुरूचंच म्हणणं खोडून काढलं

इरावती कर्वे म्हटलं की मराठी वाचकाला ‘युगांत’ आठवतं. पण महाभारतातल्या माणसांवर लिहिण्याच्या कितीतरी आधी, ऐन तरुण वयात, त्या बर्लिनमध्ये माणसांच्या कवट्या मोजत होत्या.

१५ डिसेंबर १९०५ ला ब्रह्मदेशातल्या मिंजान गावात त्यांचा जन्म झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे इंजिनिअर होते. तिथल्या इरावदी नदीवरून मुलीचं नाव ठेवलं गेलं. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवलं आणि पुढे त्या रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवल्यावर मुंबईत समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ मध्ये त्यांनी एम.ए. केलं. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांचाच समाज.

हा समाज कोकणातला, पण त्यातल्या अनेक घराण्यांची कुलदेवता मात्र बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईची योगेश्वरी. कोण कुठून आलं, कोणाचं कोणाशी नातं, हे प्रश्न त्या काळी हाडं आणि चेहरे मोजून सोडवायची पद्धत होती. ही विद्या शिकायची तर जर्मनी गाठायला हवी होती.

दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचं लग्न झालं होतं. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. तिथल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते.

कपाळाच्या हाडाचं काय होतं?

फिशर यांचं म्हणणं असं की, गोरे युरोपीय जास्त तर्कशुद्ध असतात, म्हणून त्यांच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो. तसं असेल तर त्यांची कवटीही एका बाजूला जास्त फुगलेली दिसायला हवी.

मेंदूच्या या पुढच्या भागावर झाकण असतं ते कपाळाच्या हाडाचं, म्हणजे ललाटास्थीचं. मोठ्या माणसात हे एकच हाड दिसतं. पण पोटातल्या बाळात ते दोन तुकड्यांत तयार होतं, एक उजवा आणि एक डावा. मऊ पडद्यातच थेट हाड धरू लागतं आणि मधे एक शिवण राहते. वाढणाऱ्या मेंदूला त्यामुळे जागा मिळते. बाळाच्या ज्या टाळूवर आजी तेल घालते, ती मऊ जागा या दोन तुकड्यांच्या मागेच असते. साधारण दोन वर्षांच्या आत ही शिवण सांधली जाते. काही जणांत मात्र ती आयुष्यभर राहते.

दोन बाजू वेगवेगळ्या वाढल्या की त्यांत थोडाफार फरक पडणारच. प्रश्न एवढाच होता की, तो फरक वंशाप्रमाणे बदलतो का?

इरावतीबाईंनी १४९ कवट्या तपासल्या. त्यांत जर्मनांच्या आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या कवट्याही होत्या. दोन्ही बाजूंची मापं ताडून पाहिली आणि निष्कर्ष स्पष्ट निघाला: कवटीच्या कमी-जास्तपणाचा वंशाशी संबंध नाही.

ज्या संस्थेत त्या शिकत होत्या तिथे हे लिहिणं सोपं नव्हतं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. पुढे याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा दिला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इरावतीबाई १९३० मध्येच डॉक्टरेट घेऊन परतल्या होत्या.

मोजपट्टी सुटली नाही

१९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काम केलं. गुजरातेत लांघणजला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांच्या उत्खननात अश्मयुगीन माणसांचे सांगाडे निघाले, त्यांचा अभ्यास त्यांनी केला. वि. म. दांडेकरांसोबत महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांवर त्यांचं पुस्तक १९५१ मध्ये आलं. शरीरं मोजण्याचं शास्त्र त्यांनी सोडलं नाही. पण १९५३ च्या भारतातल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात भर होता तो भाषा, लग्नाच्या चालीरीती आणि नात्यांच्या शब्दांवर.

‘युगांत’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० ला त्यांचं निधन झालं. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक म्हणून त्यांची आठवण सांगितली जाते. बर्लिनमधल्या त्या १४९ कवट्यांची आठवणही तितकीच सांगायला हवी.