लॉगरिदमचे जनक : जॉन नेपिअर

अकरावी-बारावीत विज्ञान शिकणाऱ्या दादा-ताईंकडे तुम्ही लॉग टेबलचे पुस्तक पाहिले असेल. पालकांपैकीही अनेकांनी ते वापरले असेल. ही सोय करून देणारे जॉन नेपिअर कुणी प्राध्यापक नव्हते. ते स्कॉटलंडमधील एक जमीनदार होते.

त्यांचा जन्म १५५० मध्ये एडिंबरोजवळच्या मर्चिस्टन गढीत झाला. पुढे जमीनजुमल्याचा कारभार सांभाळून ते गणितात रमत. त्या काळी खगोलशास्त्रज्ञांना मोठमोठ्या संख्यांचे गुणाकार-भागाकार हातानेच करावे लागत. त्यात वेळ फार जाई आणि चुकाही होत. हे कष्ट कमी करण्याचे नेपिअर यांनी मनावर घेतले.

यामागचे तत्त्व सोपे आहे. २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६ ही रांग लिहा. प्रत्येक संख्येखाली १ ते ८ असे क्रमांक द्या. आता ८ गुणिले ३२ किती? ८ च्या खाली ३ आहे, ३२ च्या खाली ५. त्यांची बेरीज ८. आठव्या क्रमांकावर आहे २५६, आणि हेच उत्तर! गुणाकाराच्या जागी बेरीज आली, तशीच भागाकाराच्या जागी वजाबाकी येते. हे क्रमांक म्हणजेच लॉग.

पण या रांगेत ५, ७, ११ अशा कितीतरी संख्या नाहीत. मधल्या संख्यांचेही लॉग काढणे हेच खरे कठीण काम. सुमारे २० वर्षे खपून नेपिअर यांनी १६१४ मध्ये आपले कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात कोनांच्या साइन किमतींचे लॉग होते.

ते वाचून लंडनच्या ग्रेशम कॉलेजातील प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ मध्ये त्यांना भेटायला स्कॉटलंडला गेले आणि महिनाभर राहिले. कोष्टक १० या संख्येवर आधारावे, म्हणजे नवशिक्यांनाही सोपे जाईल, असे त्यांनी सुचवले. १ चा लॉग ० आणि १० चा लॉग १ असावा, असे पुढे ठरले. याचा अर्थ सगळी आकडेमोड पुन्हा करायची! नेपिअर यांची प्रकृती साथ देत नव्हती. तरीही आपल्या २० वर्षांच्या श्रमांचा मोह न धरता त्यांनी हा बदल मान्य केला आणि काम ब्रिग्ज यांच्यावर सोपवले.

४ एप्रिल १६१७ रोजी नेपिअर यांचे निधन झाले. त्याच वर्षी ब्रिग्ज यांनी १ ते १००० या संख्यांचे नवे कोष्टक छापले. १६२४ मध्ये त्याहून मोठे कोष्टक आले.

आज हातात कॅल्क्युलेटर आहे, तरी आवाजाचे डेसिबल आणि आम्लतेचा पीएच लॉगनेच मोजतात. आपले काम दुसऱ्याने अधिक सोपे केले, तर त्यात कमीपणा नसतो, हेही नेपिअर यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.