सेमूर क्रे: वेगापेक्षा उष्णतेशी जास्त भांडलेला माणूस

गेमिंग पीसीत पाणी फिरवून प्रोसेसर गार करायची क्रेझ आपल्याकडे अलीकडे आली. पण कॉम्प्युटरच्या पोटातून पाइप नेऊन उष्णता बाहेर काढण्याचं काम साठ वर्षांपूर्वीही चालू होतं, आणि त्यात सगळ्यात पुढे होते सेमूर क्रे. एकेकाळी सुपरकॉम्प्युटर आणि क्रे हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरायचे.

क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावातला. वडील सिव्हिल इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात रेडिओचं काम केलं, परत येऊन मिनेसोटा विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि मग गणित शिकले. १९५७ मध्ये कंट्रोल डेटा, म्हणजे सीडीसी, ही कंपनी सुरू झाली आणि क्रे लवकरच तिथे पोचले. ऑफिसातल्या मीटिंगा, रिपोर्ट, साहेबांच्या भेटी या सगळ्याचा त्यांना मनस्वी कंटाळा. शेवटी कंपनीने त्यांच्यासाठी थेट त्यांच्या गावातच लॅब उभारून दिली! वर्क फ्रॉम होमचा हा बहुधा सगळ्यात महागडा नमुना.

त्याच लॅबमधून १९६४ मध्ये सीडीसी ६६०० बाहेर पडला आणि जगातला सर्वात वेगवान कॉम्प्युटर ठरला. बलाढ्य आयबीएमच्या प्रमुखांनी आपल्या लोकांना जाब विचारला, की एवढीशी टीम आपल्या पुढे गेलीच कशी?

आता उष्णता मध्ये कुठून आली ते बघू. एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम ३० सेंटिमीटर जातो, तारेतला सिग्नल त्याहून कमी. म्हणजे कॉम्प्युटर वेगवान हवा असेल तर तारा आखूड हव्यात. तारा आखूड हव्यात तर सगळे भाग एकमेकांना चिकटून बसवायला हवेत. आणि तापणाऱ्या वस्तू चिकटून बसवल्या की मधून हवा खेळायला जागाच उरत नाही. पंखा कितीही मोठा लावा, जिथे हवा शिरत नाही तिथे तो काय करणार? ६६०० मध्ये चार लाखांच्या आसपास ट्रान्झिस्टर खचाखच भरले होते. त्यामुळे कॅबिनेटमध्येच फ्रिजसारखी फ्रीऑनची यंत्रणा बसवावी लागली. ती जबाबदारी डीन राउश या रेफ्रिजरेशनच्या जाणकार इंजिनिअरवर होती आणि पुढे कितीतरी वर्षं क्रे यांच्या मशीन ते गार करत राहिले. नाव क्रे यांचं झालं, पण राउश नसते तर ही यंत्रं दहा मिनिटंही चालली नसती, असं माझं मत.

पुढच्या एका मशीनने मात्र क्रे यांना नमवलं. सीडीसी ८६०० मध्ये भाग इतके दाटीवाटीने बसवले होते की ते काही केल्या भरवशाने चालेना. क्रे यांना सगळं पुसून नव्याने सुरुवात करायची होती, कंपनीकडे त्यासाठी पैसे नव्हते. १९७२ मध्ये ते बाहेर पडले आणि स्वतःची क्रे रिसर्च काढली. भांडण वगैरे नाही, उलट जुन्या कंपनीने नव्या कंपनीत पैसे घातले.

मग आला क्रे-१. १९७६ मध्ये पहिलं मशीन लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत गेलं. वरून पाहिलं तर इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचं, खाली गोलाकार गादीची बैठक. लोकांना तो सोफाच वाटायचा. पण सी आकार शोभेसाठी नव्हता, आतल्या बाजूने तारा आखूड राहाव्यात म्हणून होता. बैठकीखाली वीजपुरवठ्याचे डबे होते.

आतली कूलिंगची रचना बघण्यासारखी आहे. दोन सर्किट बोर्डांच्या मध्ये तांब्याचा एक पत्रा. चिपची उष्णता बोर्डातून पत्र्यात, पत्र्याच्या कडेतून अॅल्युमिनियमच्या उभ्या खांबात, आणि खांबातून गेलेल्या स्टीलच्या नळीतल्या फ्रीऑनमध्ये. मशीन ११५ किलोवॅट वीज खायचं. ती सगळी शेवटी उष्णताच होते, ती या वाटेने बाहेर जायची. तुमच्या पीसीतही साखळी हीच आहे: चिप, पेस्ट, तांब्याचा ब्लॉक, पाणी, रेडिएटर, पंखा, खोली. एक कडी कच्ची राहिली की बाकीच्यांवर घातलेले पैसे वाया.

क्रे-१ चीही एक कडी कच्ची निघालीच. फ्रीऑनमध्ये कॉम्प्रेसरसाठी वंगण तेल मिसळलेलं असतं. ते सांध्यांमधून झिरपून बोर्डांवर साचायचं आणि शॉर्ट सर्किट व्हायचं. पहिलं मशीन द्यायला त्यामुळे सहा महिने उशीर झाला. शेवटी नळ्यांच्या वेल्डिंगची पद्धतच बदलावी लागली.

क्रे-१ ची एक गोष्ट आपल्या पीसीपेक्षा सोपी होती. त्यातली सर्किटं अशी जोडीजोडीने बांधलेली होती की काम असो वा नसो, वीज जवळपास सारखीच लागायची. म्हणजे उष्णताही सारखीच, कूलिंग एकदा बसवलं की झालं. आपला प्रोसेसर मात्र लहरी. ब्राउझर उघडला की क्षणात २० अंशांनी चढतो, दुसऱ्या क्षणी खाली. बऱ्याच पीसीत रेडिएटरचे पंखे या चिपच्या तापमानावरच जोडलेले असतात, म्हणून ते उगाच घूं करून उठतात आणि गप्प होतात. पण पंखा गार कोणाला करतो? चिपला नाही, पाण्याला. आणि पाणी हळू तापतं: २०० वॅट सतत दिले तरी एक लिटर पाणी एक अंशाने तापायला साधारण २१ सेकंद लागतात, तेही पंखा बंद असताना. त्यामुळे पाइपच्या वाटेत पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बसवा आणि पंख्यांचा वेग त्याच्यावर ठरवा. पाणी खोलीपेक्षा चार-पाच अंशच गरम असेल तर पंखे संथ, पाणी ४० च्या पुढे जायला लागलं की वेग वाढवा. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडची खोलीच ४० ला टेकते, तिथे हा आकडा वर सरकवावा लागेल, पण बहुतेक पंपांना ६० अंशांच्या वरचं पाणी सोसत नाही हे ध्यानात ठेवून. खोलीच्या तापमानाखाली मात्र रेडिएटर पाणी नेऊच शकत नाही. क्रे यांच्याकडे कॉम्प्रेसर होता, आपल्याकडे फक्त पंखा.

१९८५ चा क्रे-२ म्हणजे कळसच. आठ-आठ बोर्ड एकावर एक रचून विटेएवढी मॉड्यूल केली होती. तांब्याचा पत्रा घालायलाही जागा नव्हती. मग क्रे यांनी अख्खं मशीनच द्रवात बुडवलं. पाणी नाही हां, फ्लुओरिनर्ट नावाचा द्रव, ज्यातून वीज वाहत नाही. तो बोर्डांच्या फटींतून संथपणे फिरायचा आणि बाहेर येऊन उष्णता गार पाण्याला द्यायचा. पारदर्शक टाकीत धबधब्यासारखा पडणारा हा द्रव पाहून लोकांनी मशीनचं टोपणनाव ठेवलं बबल्स. आज काचेचं कॅबिनेट घेऊन आरजीबी लावणाऱ्यांचे मूळपुरुष हेच.

क्रे हे नाव भारतातही गाजलं, वेगळ्या कारणाने. ऐंशीच्या दशकात हवामान अंदाजासाठी आपल्याला मोठं मशीन हवं होतं, अमेरिकेने ते नाकारलं आणि त्याऐवजी एका प्रोसेसरचा क्रे एक्स-एमपी दिल्लीत आला. हे मॉडेल स्वतः सेमूर यांचं नव्हे, त्यांच्या कंपनीतल्या स्टीव्ह चेन यांचं. दरम्यान १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याची वाट क्रे यांच्या अगदी उलट होती: एक-दोन राक्षसी प्रोसेसरऐवजी अनेक छोटे प्रोसेसर जोडून काम वाटून द्यायचं. छोट्यांची उष्णता एका जागी कोंडत नाही, हा त्याचा आयता फायदा.

क्रे यांचा या वाटेवर फारसा विश्वास नव्हता. १९८९ मध्ये त्यांनी कोलोरॅडो स्प्रिंग्जला नवी कंपनी काढली आणि सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइडच्या चिपवर क्रे-३ बांधायचं काम तिथे चालू ठेवलं. वेग आणखी वाढवायचा, मशीन आणखी लहान करायचं, पुन्हा द्रवात बुडवायचं. पण तोवर शीतयुद्ध संपलं होतं आणि महागडी यंत्रं घेणारी सरकारी गिऱ्हाइकं आटली होती. फक्त एक क्रे-३ बाहेर गेला, १९९३ मध्ये, एका वातावरण संशोधन केंद्राकडे. १९९५ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

सत्तरी गाठलेल्या क्रे यांनी १९९६ मध्ये आणखी एक कंपनी काढली, आणि या वेळी ते अनेक प्रोसेसर जोडण्याकडेच वळले होते. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला हायवेवर त्यांच्या जीपला अपघात झाला. दोन आठवड्यांनी, ५ ऑक्टोबरला, ते गेले. नवं मशीन तेव्हा अजून झालेलं नव्हतं.