लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे लोखंडी नांगराचे निर्माते व किर्लोस्करवाडीचे संस्थापक होत.

प्रारंभीचे जीवन

त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. चित्रकला व यंत्रे यांची ओढ मात्र होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना रंगांधत्वामुळे त्यांना रंगकाम सोडावे लागले. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. बढतीत डावलले गेल्याने त्यांनी ती नोकरी सोडली. बेळगावात बंधू रामुअण्णांसह सायकलींचे दुकान चालवीत त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले.

लोखंडी नांगर

१९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर बनविला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले गिऱ्हाईक मिळण्यास सुमारे दोन वर्षे लागली. समजूत चुकीची असली तरी नव्या अवजाराबद्दलची धास्ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही: ऐन नांगरटीत फाळ मोडला, तर हंगाम हातचा जातो.

नांगराच्या फाळाला दोन परस्परविरोधी गुण लागतात. अकोला-अमरावतीकडील कपाशीची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ढेकळे दगडासारखी होतात. तेथे मऊ फाळ झिजतो आणि फार कठीण फाळ तडकतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस साच्यात सावकाश निवाला, तर त्यातील कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो व बीड करडे, कानस चालण्याजोगे राहते. तोच रस झटकन निवविला, तर कार्बन लोहाशी संयुक्त राहून सिमेंटाइट बनते. असे पांढरे बीड अतिशय कठीण, पण ठिसूळ असते.

पोलादाची गोष्ट निराळी. गावचा लोहार फाळ लाल तापवून पाण्यात बुडवितो, त्यास ‘पाणी देणे’ म्हणतात. पुरेसा कार्बन असलेल्या पोलादात त्या क्षणी मार्टेन्साइट ही कठीण रचना तयार होते. मग मंद आचेवर पुन्हा तापविले की थोडा कठीणपणा जातो, पण चिवटपणा येतो. घटक तेच राहतात, बदलते ती केवळ आतली मांडणी. जुन्या लोहारांना ही शास्त्रीय नावे ठाऊक नव्हती. तापलेल्या धातूचा रंग पाहून ते काम साधीत.

किर्लोस्करवाडी

बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात जागा व कर्ज दिले. १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगांनी भरलेल्या माळावर कारखाना व वसाहत उभी राहू लागली.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येईनासे झाले. मागणी वाढली, पण लोखंड व कोक दुर्मिळ झाला. कोकऐवजी लोणारी कोळसा वापरला गेला; कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. १९२० मध्ये किर्लोस्कर बंधू ही मर्यादित कंपनी झाली.

जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.